अवघड नियमांची सोपी वाट

खेळ म्हटला म्हणजे त्याला नियम आलेच. विटी हवेत झेलली गेली की मारणारा बाद होतो. कबड्डीत दम तुटला की चढाई संपते. बुद्धिबळात घोडा अडीच घरे चालतो. हे नियम मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. मोठ्या मुलांचा खेळ पाहता पाहता ते आपोआप अंगवळणी पडतात. परंतु जो खेळ गावात कोणीच खेळत नाही, जो कोणी कधी पाहिलेलाही नाही, त्याचे नियम केवळ छापील पानांवरून शिकावयाचे झाले, तर काय होईल? १९७४ साली अमेरिकेत जन्मास आलेल्या एका खेळापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. डंजन म्हणजे किल्ल्याखालचे भुयार किंवा अंधारकोठडी, आणि ड्रॅगन म्हणजे पाश्चात्त्य कथांतील आग ओकणारा, पंख असलेला अजस्र सर्प.

या खेळात पट नसला तरी अडत नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते. चार-पाच जण एका मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. नाटकातील सूत्रधाराप्रमाणे कथेचे सर्व धागे त्याच्या हाती असतात. उरलेले प्रत्येक जण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतात. कोणी तलवारबहाद्दर होतो, कोणी मंत्रविद्या जाणणारा जादूगार होतो, तर कोणी कुलुपे उघडण्यात पटाईत असा चोर होतो. मग सूत्रधार सांगू लागतो : “तुमच्यासमोर दगडी जिना आहे. खालून ओल्या मातीचा वास येत आहे. दूर कोठे तरी पाणी ठिबकत आहे. तुम्ही काय करता?” कोणी म्हणतो, “मी मशाल पेटवून पुढे होतो.” कोणी म्हणतो, “मी पायरीवर कान ठेवून खालची चाहूल घेतो.” त्यांच्या उत्तरांवरून पुढील प्रसंग घडतो आणि अशा रीतीने सर्वांच्या बोलण्यातून एक कथा आकार घेत जाते. तिचा शेवट काय होईल, हे आरंभी कोणालाच ठाऊक नसते; सूत्रधारालाही नसते. येथे कोणी एक जिंकत नाही व बाकीचे हरत नाहीत. सर्वांनी मिळून संकटातून पार पडावयाचे, हाच खेळाचा हेतू असतो.

यावर कोणी म्हणेल, “यात नवल ते काय? लहान मुले नेहमीच राजा, चोर, शिपाई होऊन खेळतात!” हे खरे आहे. परंतु त्या खेळात एक अडचण नेहमीच उभी राहते. एक मुलगा म्हणतो, “मी तुला बाण मारला.” दुसरा म्हणतो, “मला तो लागलाच नाही.” पहिला म्हणतो, “लागला!” दुसरा म्हणतो, “नाही लागला!” आणि पाहता पाहता खेळाचे भांडण होते. ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचे अंग दांडगे, त्याचे म्हणणे खरे ठरते. बाण लागला की नाही, हे कोणाच्याही आवाजावर अवलंबून न ठेवता ठरवावयाचे कसे? या एका प्रश्नाचे उत्तर म्हणजेच या खेळाचे नियम होत.

हे उत्तर एका दिवसात सापडलेले नाही. त्याचा माग काढत गेले तर वाट थेट प्राचीन भारतापर्यंत पोहोचते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा ‘चतुरंग’ हा खेळ येथे खेळला जात असे. तो इराणमार्गे अरब देशांत व तेथून युरोपात गेला आणि बदलत बदलत आजचे बुद्धिबळ झाला. १७८० साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील योहान हेल्विग या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर व गावे दाखविली आणि त्याचा युद्धखेळ बनविला. पुढे प्रशियातील राइसविट्स या पितापुत्रांनी त्यात मोठीच भर घातली. पित्याने १८१२ मध्ये आपला खेळ राजापुढे मांडला; पुत्राने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. या खेळात दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम एका पंचाला देत, आणि तो पंच फासे टाकून व कोष्टके पाहून चकमकीचा निकाल सांगे. कोणाचे म्हणणे खरे, हा वाद येथे प्रथमच फासे व पंच यांच्या हाती गेला. १९१३ साली प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातील शिपायांसाठी ‘लिटल वॉर्स’ या नावाने नियमांचे पुस्तक लिहिले, आणि सेनापतींचा हा खेळ घराघरांतील जमिनीवर उतरला.

तरीही या सर्व खेळांत खेळाडू हा संपूर्ण सैन्याचा नायक असे. एकाच माणसाची भूमिका घ्यावी, ही कल्पना अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रुजली. १९६९ साली डेव्हिड वेझली या तरुणाने एका कल्पित जर्मन गावातील प्रसंग रचला आणि खेळाडूंना तेथील वेगवेगळ्या व्यक्तींच्या भूमिका वाटून दिल्या. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली. त्यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाचा एक काल्पनिक प्रदेश निर्माण केला. तेथील किल्ल्याखालच्या भुयारांत त्यांचे मित्र आठवड्यामागून आठवडे तीच पात्रे घेऊन उतरत, आणि ती पात्रे अनुभवाने अधिकाधिक समर्थ होत जात. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी जाऊन हा खेळ गॅरी गायगॅक्स यांना दाखविला.

गायगॅक्स हे पूर्वी विमा कंपनीत नोकरीस होते. ती नोकरी सुटल्यावर पादत्राणे दुरुस्त करून ते आपल्या मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत होते. युद्धखेळांचे त्यांना विलक्षण वेड होते. मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक त्यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले होते. आर्नेसन यांचा खेळ पाहताच त्यांनी त्यांच्याकडून टिपणे मागविली आणि खेळाचे नियम लिहून काढले. १९७३ साली डॉन के या बालमित्राबरोबर त्यांनी एक छोटी कंपनी काढली. १९७४ च्या आरंभी खेळाच्या एक हजार प्रती तयार झाल्या. प्रत्येक पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या, आणि तिची किंमत दहा डॉलर होती. सुमारे वर्षभरात त्या सर्व प्रती संपल्या.

प्रती खपल्या खऱ्या. परंतु ज्यांनी त्या घेतल्या त्यांच्यापुढे एक नवाच प्रश्न आला. पुस्तिका वाचूनही खेळावे कसे, हे पुष्कळांना उमगेना. लेखकांनी असे गृहीत धरले होते, की वाचणाऱ्याला युद्धखेळांची माहिती असणारच. लढाईचा निकाल लावण्यासाठी ‘चेनमेल’ हे निराळे पुस्तक जवळ असावे, अशी अपेक्षा होती. रानावनातील प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट घ्यावा, असे सुचविले होते. खेळाडू किती असावेत, याचे उत्तर ‘चार ते पन्नास’ असे होते! शिवाय एकच शब्द अनेक अर्थांनी वापरलेला होता. ‘लेव्हल’ म्हणजे पातळी. पात्राने मिळविलेली योग्यता ही एक पातळी, मंत्राची कठीणता ही दुसरी, आणि भुयाराचा मजला ही तिसरी. नवख्या वाचकाने यांपैकी कोणती समजावी?

फाशांचीही तीच गत होती. या खेळात चार, सहा, आठ, बारा व वीस बाजूंचे फासे लागत. असे फासे त्या काळी खेळण्यांच्या दुकानात मिळत नसत. शाळांना शैक्षणिक साहित्य पुरविणाऱ्या एका संस्थेकडे ते मिळत. त्यांतील वीस बाजूंच्या फाशावर एक ते वीस असे आकडे नसत. शून्य ते नऊ हेच आकडे दोनदा कोरलेले असत. मग खेळाडू रंगीत खडूने एका संचाचे आकडे रंगवीत आणि त्या रंगाचा आकडा पडला की त्यात दहा मिळवीत. ही युक्ती कोणी दाखविली तर क्षणात समजे. न दाखविली तर माणूस फासा हातात धरून नुसता पाहत राही. परिणाम असा झाला, की ज्यांना शिकविणारा भेटला ते खेळले, आणि ज्यांना कोणी भेटला नाही त्यांनी आपापल्या मनाने अर्थ लावले. एका गावचे नियम दुसऱ्या गावी जुळेनासे झाले.

अशा वेळी एक अनपेक्षित मनुष्य पुढे आला. डॉ. जॉन एरिक होम्स हे लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जासंस्थेच्या विकारांचे अध्यापन करीत असत. मेंदूसारख्या गुंतागुंतीच्या विषयाचा परिचय नवशिक्या विद्यार्थ्यांना करून देणे हा त्यांचा रोजचाच उद्योग होता. त्यांना हा खेळ आवडला होता, आणि नियमांच्या पुस्तिका नवख्यांना किती अवघड वाटतात हेही त्यांना कळले होते. ‘मी या खेळाचे प्राथमिक पुस्तक तयार करून देतो,’ असा प्रस्ताव त्यांनी आपण होऊन कंपनीपुढे ठेवला. गायगॅक्स यांनी तो मान्य केला. स्वतः गायगॅक्स त्या वेळी अनुभवी खेळाडूंसाठी मोठे व सविस्तर ग्रंथ लिहिण्याच्या उद्योगात होते.

होम्स यांनी नवे नियम शोधून काढले नाहीत. मूळ पुस्तिकांतील मजकूरही त्यांनी शक्य तेथे तसाच ठेवला. त्यांनी मुख्यतः तीन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट म्हणजे क्रम. खेळाडूला प्रथम जे लागते ते प्रथम सांगावयाचे : आधी पात्र कसे तयार करावे, मग भुयारात कसे हिंडावे, मग शत्रूशी गाठ पडल्यास काय करावे. दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादा. सारा खेळ एकदम न शिकविता त्यांनी पात्रांच्या पहिल्या तीन पातळ्यांपुरतेच नियम दिले. तिसरी गोष्ट म्हणजे उदाहरणे. नियमापाठोपाठ तो प्रत्यक्षात कसा चालतो हे दाखविणारा प्रसंग त्यांनी लिहिला, आणि शेवटी एका पडक्या बुरुजाखालच्या भुयारांचा नकाशा देऊन पहिला खेळ तयारच करून ठेवला. १९७७ साली हे अठ्ठेचाळीस पानांचे पुस्तक पेटीसह बाहेर पडले. त्यातील एका उदाहरणात एक शूर लढवय्या प्रचंड कोळ्याच्या विषाने मरण पावतो. शिकविण्यासाठी लिहिलेल्या प्रसंगातही होम्स यांनी फाशाचा निकाल गोड करून सांगितला नाही. नियम सर्वांना सारखा असतो, हे नवख्या वाचकाला त्या एका मृत्यूने जितके स्पष्ट समजले असेल, तितके पानभर उपदेशाने समजले नसते.

या पेटीला मागणी इतकी आली, की १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला. तेव्हा काही पेट्यांत फाशांऐवजी आकडे छापलेले जाड कागद घातले गेले. त्यांचे तुकडे कापावयाचे, पेल्यात टाकावयाचे आणि न पाहता एक उचलावयाचा! फासा नसला तरी खेळ अडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे १९८१ मध्ये टॉम मोल्डवे यांनी आणि १९८३ मध्ये फ्रँक मेन्ट्झर यांनी हे प्राथमिक पुस्तक पुन्हा लिहिले. मेन्ट्झर यांच्या पुस्तकाचा आरंभ नियमांनी होत नाही. तो एका कथेने होतो. वाचक स्वतःच त्या कथेतील नायक होऊन गुहेत शिरतो, आणि प्रत्येक संकटाबरोबर एकेक नियम त्याच्या ओळखीचा होतो. कथा संपते तेव्हा त्याला खेळता येऊ लागलेले असते.

आता हे नियम आहेत तरी कसे? खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली व २०२४ मध्ये तिची सुधारणा झाली. तिच्यातील नियमांची ग्रंथसंख्या व पृष्ठसंख्या पाहून नवख्याची छाती दडपून जाते. परंतु त्या साऱ्या विस्ताराच्या मुळाशी तीनच पायऱ्या आहेत. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. मग त्या कृतीचा परिणाम सूत्रधार सांगतो. परिणाम उघड असेल तर फासा टाकावा लागत नाही. उघड्या दारातून आत जाण्यास फासा कशाला हवा? कृती साधेल की फसेल याविषयी संशय असेल तेव्हाच वीस बाजूंचा फासा हाती घ्यावयाचा.

प्रत्येक पात्राचे सहा गुण आकड्यांनी सांगितलेले असतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि इतरांवर पडणारी छाप. पहिल्या काळात हे आकडे सहा बाजूंचे तीन फासे टाकून ठरवीत. तीन फासे एकूण २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी बेरीज अठरा होण्याचा प्रकार एकच आहे. बेरीज दहा होण्याचे प्रकार मात्र सत्तावीस आहेत. म्हणून असामान्य पात्र क्वचित मिळे आणि सामान्य पात्रे पुष्कळ मिळत. सामान्य गुणांच्या पात्रानेही युक्तीने व धैर्याने संकट पार करावे, यातच खेळाची गोडी होती.

समजा, एका योद्ध्याचे बळ सोळा आहे. नियमाप्रमाणे सोळा बळाबद्दल त्याला तीनाची भर मिळते, आणि शस्त्र चालविण्याच्या शिक्षणाबद्दल आणखी दोनाची. एकूण भर पाच झाली. समोरच्या शत्रूच्या चिलखताचा अंक पंधरा आहे. योद्ध्याने वीस बाजूंचा फासा टाकावा व त्यात पाच मिळवावे. बेरीज पंधरा किंवा अधिक झाली तर घाव लागला. कमी झाली तर हुकला. म्हणजे फाशावर दहा किंवा त्याहून मोठा आकडा पडला पाहिजे. दहापासून वीसपर्यंत अकरा आकडे आहेत. तेव्हा वीसपैकी अकरा, अर्थात शंभरातून पंचावन्न वेळा, घाव लागण्याचा संभव असतो. “लागला!” “नाही लागला!” हा जुना वाद येथे मिटला. येथे कोणाच्या आवाजाला किंमत नाही. फाशावर पडलेला आकडा सर्वांनाच दिसतो.

योद्ध्याला काही अनुकूलता लाभली, उदाहरणार्थ शत्रूला तो दिसतच नसला, तर त्याने दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यावा, असा नियम आहे. हा नियम साधा दिसतो; पण त्याचा लाभ मोठा आहे. एका फाशावर हुकण्याचा संभव वीसपैकी नऊ आहे. दोन्ही फासे हुकण्याचे प्रकार चारशेपैकी नऊ गुणिले नऊ, म्हणजे एक्याऐंशी. उरलेल्या ३१९ प्रकारांत घाव लागतो. म्हणजे शंभरातून पंचावन्न वेळा लागणारा घाव आता जवळजवळ ऐंशी वेळा लागतो. म्हणूनच अंगावर धावून जाण्यापूर्वी क्षणभर थांबून अनुकूल जागा शोधणारा खेळाडू या खेळात पुढे जातो.

नियमांची खरी कसोटी मात्र पात्र घायाळ होऊन पडते तेव्हा लागते. प्रत्येक पात्राचे बळ किती घाव सोसण्याइतके आहे, हे दाखविणारे अंक असतात. ते शून्यावर आले की पात्र बेशुद्ध होऊन पडते. त्यानंतर आपली पाळी आली की त्या खेळाडूने वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. दहा किंवा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. एक पडला तर दोन अपयशे धरावयाची. वीस पडले तर पात्र तत्काळ शुद्धीवर येते. तीन यशे आधी झाली तर जीव वाचतो. तीन अपयशे आधी झाली तर पात्र मरण पावते. अशा वेळी मेजाभोवती शांतता पसरते. महिनोन्‌महिने जपलेले, नावारूपास आणलेले पात्र एका फाशावर टांगलेले असते.

पण याच ठिकाणी नियमांनी दुसरी एक वाट मोकळी ठेवलेली आहे. जवळ असलेला सोबती आपली पाळी जखमी मित्रासाठी खर्च करू शकतो. त्याने फासा टाकून दहाची मर्यादा गाठली तर मित्राचा प्राण स्थिर होतो. त्याला पुढचे भयंकर फासे टाकावे लागत नाहीत. परंतु तेवढ्या वेळात त्या सोबत्याला शत्रूवर घाव घालता येत नाही. शत्रूवर तुटून पडावे, की पडलेल्या मित्राजवळ गुडघे टेकावेत? नियम याचे उत्तर देत नाही. तो फक्त प्रत्येक मार्गाची किंमत सांगतो. निवड ज्याची त्याने करावयाची असते, आणि त्या निवडीवरून पात्राचा स्वभाव सर्वांना कळून येतो.

सूत्रधाराची जबाबदारी याहूनही नाजूक असते. कल्पना अफाट आहे आणि पुस्तक किती झाले तरी मर्यादित आहे. एखादा खेळाडू म्हणेल, “मी मेजावरचे तेल फरशीवर ओततो, म्हणजे पाठलाग करणारे घसरून पडतील.” त्यासाठी पुस्तकात नियम नसेलही. तेव्हा सूत्रधाराने कृती किती कठीण आहे याचा विचार करून एक अंक ठरवावा. सोप्या कृतीस दहा, मध्यमास पंधरा, कठीणास वीस, असे प्रमाण त्याला दिलेले असते. आज एका खेळाडूला जो अंक लावला तोच उद्या दुसऱ्याला लावला पाहिजे. शत्रूची पात्रे सूत्रधारच चालवितो. तरी शत्रूचा विजय हा त्याचा विजय नव्हे. ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे, त्यानेच स्वतःला नियमाने बांधून घ्यावयाचे असते. एखाद्या मंडळाला एखादा नियम बदलावासा वाटला, तर तशी मोकळीकही आहे. मात्र तो बदल फासा टाकण्यापूर्वी व सर्वांच्या संमतीने झाला पाहिजे. आकडा पडल्यावर बदललेला नियम हा नियम राहत नाही, ती लबाडी होते.

हा खेळ शिकणाऱ्याने सर्व पुस्तके पाठ करून मग खेळावयास बसावे, असे मुळीच नाही. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच हे आहे. पहिल्या दिवशी वीस बाजूंचा फासा ओळखावा, त्यात भर कशी मिळवावी ते समजून घ्यावे आणि आपल्या पात्राचे सहा गुण पाहून ठेवावेत. इतके पुरे होते. बाकीचे नियम गरज पडेल तेव्हा एकेक करून भेटतात. जाणत्या सोबत्याने मात्र एक पथ्य पाळावे. नवख्याला नियम सांगावा, पण त्याचा निर्णय आपण घेऊ नये. ‘तुला अमुक करता येईल’ हे सांगणे म्हणजे शिकविणे. ‘तू अमुकच कर’ हे सांगणे म्हणजे त्याचा खेळ त्याच्या हातून काढून घेणे होय.

गायगॅक्स २००८ मध्ये, आर्नेसन २००९ मध्ये आणि डॉ. होम्स २०१० मध्ये निवर्तले. १९७४ च्या त्या हजार प्रतींच्या खेळाला २०२४ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. आता तो जगातील अनेक देशांत खेळला जातो आणि त्याची पुस्तके अनेक भाषांत निघालेली आहेत. एकाने कल्पना दिली, दुसऱ्याने ती नियमांत बांधली, आणि तिसऱ्याने ती नवख्याला समजेल अशा शब्दांत सांगितली. पहिल्या दोघांची नावे खेळाचे जनक म्हणून घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मुलाला शिकविणारे जवळ कोणीच नव्हते, त्याच्या हाती पुस्तकाच्या रूपाने शिक्षक देण्याचे काम त्या तिसऱ्याने केले. ज्ञान निर्माण करणारा मोठा खराच. पण ते दाराबाहेर उभ्या असलेल्यास आत बोलावून देणाराही लहान नव्हे.

अभ्यास

१. मुलांच्या लुटुपुटीच्या खेळात कोणती अडचण येते? या खेळाच्या नियमांनी ती कशी दूर केली?

२. चतुरंगापासून १९७४ च्या खेळापर्यंतची वाट कोणकोणत्या टप्प्यांनी आली, ते क्रमाने लिहा.

३. मूळ पुस्तिका वाचकांना अवघड का वाटल्या? कोणतीही तीन कारणे द्या.

४. डॉ. होम्स यांनी कोणत्या तीन गोष्टी केल्या? त्यांपैकी तुम्हाला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते व का?

५. एका धनुर्धराला तीनाची भर मिळते आणि समोरच्या शत्रूच्या चिलखताचा अंक पंधरा आहे. बाण लागण्यासाठी फाशावर किमान किती पडले पाहिजेत? वीसपैकी किती वेळा बाण लागेल?

६. ‘आकडा पडल्यावर बदललेला नियम हा नियम राहत नाही, ती लबाडी होते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या खेळातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

७. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा : अंगवळणी पडणे, छाती दडपणे, माग काढणे, चरितार्थ चालविणे.

८. तुम्हाला चांगला येणारा एखादा खेळ घ्या. तो कधीही न पाहिलेल्या मुलाला केवळ वाचून खेळता यावा, अशा रीतीने त्याचे नियम क्रमाने लिहा. लिहून झाल्यावर ते एखाद्या लहान मुलाला वाचावयास द्या आणि तो कोठे अडतो ते पाहून दुरुस्ती करा.